क्लास नाही लावला तरी चालेल, पण या तीन गोष्टी लागतीलच



"सर, मला शिवणकाम शिकायचंय, कोणता क्लास लावू?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. कधी शिवणकामाच्या जागी केक असतो, कधी मोबाईल रिपेअरिंग, कधी टॅली. आणि याच्या अगदी उलट बोलणारेही भेटतात. "क्लास कशाला हवाय? मोबाईलवर सगळं फुकट आहे की!"

मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. कौशल्य आपलं आपण शिकता येतं, अगदी धंदा करण्याइतकं पक्कं शिकता येतं. पण क्लास सोडला की क्लासवाला जी तीन कामं करतो ती तुमच्या अंगावर येतात. ती केली नाहीत तर दोन वर्षं व्हिडिओ बघूनही हात बसणार नाही. आणि ती नीट केली असतील, तर "माझ्याकडे कुठे सर्टिफिकेट आहे" म्हणून कमी पैसे घ्यायचं काही कारण नाही. आजचा सगळा लेख खरं तर या शेवटच्या वाक्यासाठी आहे.

माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउज पीस, अस्तर, फॉल, दोरे, हुक, लेस असा सगळा माल. काउंटरच्या अलीकडे उभं राहून मी घरगुती शिवणकाम करणाऱ्या शेकडो ताई बघितल्यात. काही जणी घराच्या पुढच्या खोलीतून चांगला धंदा करतात, काही जणी पाच वर्षं झाली तरी "शिकतेय अजून" म्हणतात. मी स्वतः बीबीए केलंय. त्याचा मला उपयोग झाला, त्यामुळे डिग्रीला नावं ठेवणारा मी नाही. पण माझ्या दुकानाला ज्यांनी खरा आधार दिला, त्यातल्या बऱ्याच जणींकडे शिवणाचा एकही कागद नाही. म्हणून उदाहरण शिवणकामाचंच घेतो. तुमचं काम वेगळं असेल तर शब्द बदला, हिशेब तोच राहील.

क्लास आपल्याला विकतो तरी काय?

माहिती विकतो असं आपल्याला वाटतं. पण छत्तीस छातीचा ब्लाउज असेल तर छातीचा चौथा भाग नऊ इंच, त्यात सैलपणा आणि शिलाईची मार्जिन धरायची, हे तर कुठल्याही व्हिडिओत पहिल्या दोन मिनिटांत सांगतात. ही माहिती आज फुकट आहे.

क्लासची फी जाते ती तीन गोष्टींसाठी. एक, क्रम: आज काय, उद्या काय, हे कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. दोन, चूक दाखवणारा माणूस: तुमच्या मागे उभा राहून "अगं, कापड उलटं धरलंयस" म्हणणारा. तीन, तारीख: अमुक दिवशी परीक्षा आहे, त्याआधी हे जमायलाच हवं. ज्या क्लासमध्ये या तिन्ही गोष्टी आहेत तो पैसे वसूल करून देतो. ज्यात नाहीत, तिथे पंधरा दिवसांत "डिप्लोमा" मिळतो आणि त्या कागदाला फ्रेम करण्याचा खर्च वर. आता एकटं शिकायचं म्हणजे या तिन्ही गोष्टी घरच्या घरी कशा उभ्या करायच्या, ते बघू.

पहिली गोष्ट: क्रम

व्हिडिओचा त्रास काय होतो? आज साधा ब्लाउज बघितला, त्याखाली प्रिन्सेस कट आला, त्याखाली बोट नेक, मग पैठणीच्या काठाची डिझायनर बाही. तासाभरात चार ब्लाउज "शिकून" होतात. मशीनला हात लागलेला नसतो. काय बघायचं ते मोबाईल ठरवतो, आणि मोबाईलला तुमचा हात किती बसलाय ते माहीत नसतं.

म्हणून व्हिडिओ लावायच्या आधी वहीत क्रम लिहायचा. शिवणाचा क्रम असा धरता येईल. आधी दोरा न ओवता रेघांच्या कागदावर मशीन चालवायची, रेघ सोडायची नाही. मग गोल आणि नागमोडी रेघा. मग दोरा ओवून ताण लावायला शिकायचं: खालचा दोरा वर दिसत असेल तर बहुतेक वेळा वरचा ताण जास्त झालाय. मग सरळ शिलाईच्या वस्तू, म्हणजे पिशवी, उशीचा अभ्रा, परकर. त्यानंतर साधा टक्सचा ब्लाउज. कटोरी आणि प्रिन्सेस कट सगळ्यात शेवटी.

आणि इथे एक नियम: तो साधा ब्लाउज एकाच मापाचा, किमान दहा वेळा. कापड कुठलं? मांजरपाट. माझ्या दुकानाचं नुकसान होईल, पण खरं ते सांगतो. पहिल्याच दिवशी सहा रंगांच्या लेस, मोत्यांचे लटकन आणि महागातली कात्री घेऊन जाणारी ताई सहा महिन्यांनी परत येईल याची खात्री नसते. पाच-सहा मीटर मांजरपाट आणि एक दोऱ्याचं रीळ नेणारी बहुतेक वेळा परत येते, कारण तिला कापड वाया घालवायची तयारी आहे. पैठणीच्या ब्लाउज पीसवर कात्री चालवताना हात थरथरतो, मांजरपाटावर थरथरत नाही. शिकायचं ते हात न थरथरणाऱ्या कापडावर.

प्रत्येक कामाचा असा मांजरपाट असतोच. मोबाईल रिपेअरिंग शिकायचं तर भंगारातले बंद बोर्ड आणा आणि त्यांच्यावर सोल्डरिंग करा, गिऱ्हाईकाच्या फोनवर नाही. केक असेल तर आयसिंग बाजूला ठेवा, एकच साधा स्पंज वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजून दहा वेळा भाजा. टॅली असेल तर ओळखीच्या किराणा दुकानाची गेल्या महिन्याची बिलं मागून घ्या, ती सगळी टाका आणि शेवटी तुमची शिल्लक त्यांच्या वहीशी जुळते का बघा.

दुसरी गोष्ट: चूक दाखवणारा माणूस

व्हिडिओ तुम्हाला दाखवतो, पण तुमच्याकडे बघत नाही. ही त्याची मोठी उणीव.

बाही लावली, ती काखेत ओढतेय. का? मुंढा कमी कापला गेला, की बाहीची पुढची बाजू मागे लागली? बाहीला पुढचा गोलवा मागच्यापेक्षा जास्त खोल असतो, त्यामुळे डावी बाही उजवीकडे गेली तरी ओढ बसते. दोन चुका, लक्षण एकच. ज्याने हजार ब्लाउज शिवलेत तो एका नजरेत सांगतो. आपण एकटे असलो की तीन गोष्टी एकदम बदलून बघतो. मग पुढचा ब्लाउज बरा झाला तरी कशामुळे झाला ते कळत नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, वही. प्रत्येक ब्लाउजला एक पान. माप काय घेतलं, काय चुकलं, पुढच्या वेळी काय बदलणार. आणि बदलायचं फक्त एक. शोल्डर घसरतोय ना? या वेळी तेवढंच. गळा उघडा पडतोय, ते पुढच्या पानावर. अस्तर आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेतलं होतं का, हेसुद्धा लिहा, कारण ते नंतर आटलं तर तुमचं कटिंग बरोबर असूनही ब्लाउजला चुण्या पडतात आणि दोष कटिंगला जातो.

दुसरा उपाय, एक मास्तर शोधा. शिष्य म्हणून सहा महिने राबायचं असं म्हणत नाहीये. गावातल्या जुन्या टेलर मास्तरांकडे किंवा पंधरा-वीस वर्षं शिवणाऱ्या काकूंकडे जा. सोबत तुमचे तीन ब्लाउज आणि ती वही न्या. म्हणा, "मास्तर, तासभर द्या, त्याचे पैसे देते. यात काय काय चुकलंय ते फक्त सांगा." फुकट मागू नका. त्यांच्या तासाची किंमत आहे, आणि पैसे दिले की तुम्हीही लाज सोडून विचारता. महिन्यातून एक असा तास मिळाला तर तो दहा व्हिडिओंपेक्षा जास्त शिकवून जातो, कारण आता त्यांच्यासमोर तुमचं काम असतं आणि तुमच्याकडे नेमका प्रश्न असतो.

पूर्वी याला उमेदवारी म्हणायचे. मोठ्या कारागिराच्या हाताखाली राहून शिकायचं, आधी झाडलोट, मग काज-बटण, मग कात्री. आज तेवढी वर्षं कुणाकडे नाहीत. पण त्या उमेदवारीतला जो खरा भाग होता, म्हणजे जाणत्या माणसाची नजर आपल्या कामावरून फिरणं, तो तासाच्या हिशेबानेसुद्धा घेता येतो.

तिसरी गोष्ट: तारीख

एकट्याने शिकणाऱ्याला परीक्षा नसते, म्हणून त्याचं शिकणं संपतच नाही. "अजून थोडं पक्कं होऊ दे" म्हणत वर्ष जातं.

तारीख बाहेरून घ्या. घरातल्याच माणसाला शब्द द्या: "वहिनी, गौरी-गणपतीला तुम्ही मी शिवलेला ब्लाउज घालणार." आता तो ब्लाउज चार बायकांत दिसणार, हळदीकुंकवाला विचारलं जाणार, "कुणी शिवला गं?" पोटात गोळा येतो ना? तोच हवा. परीक्षेचं काम तो करतो. पहिले तीन ब्लाउज घरच्यांचे, पुढचे तीन ओळखीतले फक्त साहित्याच्या खर्चात, आणि सातव्यापासून पूर्ण दर. हे आधीच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. नाहीतर "ओळखीतले" कधी संपत नाहीत, हे आपल्या गावात वेगळं सांगायला नको.

फाळक्यांनी कुठला क्लास लावला होता?

हे सगळं फक्त छोट्या कामांना लागू आहे असं वाटत असेल, तर दादासाहेब फाळक्यांकडे बघा. येशूच्या जीवनावरचा मूकपट बघून त्यांनी सिनेमा करायचं ठरवलं तेव्हा भारतात सिनेमा शिकवणारी शाळाच नव्हती. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आली १९६० साली, आणि "राजा हरिश्चंद्र" मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला ३ मे १९१३ ला.

पण ते कोऱ्या पाटीने उतरले नव्हते. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई ही शेजारची कामं त्यांना येत होती. आधी त्यांनी पडद्यावरचे सिनेमे पुन्हा पुन्हा बघितले, पुस्तकं वाचली, प्रयोग केले. मग विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये लंडनला गेले. तिथे "बायोस्कोप" साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले, त्यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत प्रत्यक्ष काम कसं चालतं ते बघितलं, आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परत आले. थोडक्यात, जे घरी बसून कळत नव्हतं तेवढंच विचारायला ते जाणत्या माणसाकडे गेले.

आणि परत आल्यावर लगेच हरिश्चंद्राला हात घातला का? नाही. आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करत टिपली आणि मिनिटभराची छोटी फिल्म केली. ती दाखवून पुढच्या सिनेमासाठी पैसे उभे केले. भांडवल देणाऱ्याने कागद मागितला नाही, काम बघितलं. वाटाण्याचं रोप हा फाळक्यांचा मांजरपाट होता असं मी मानतो. आपण मात्र पहिल्याच दिवशी हरिश्चंद्र करायला जातो.

आता मुद्द्याचं: दर

समजा, तुम्ही हे सगळं केलं. हात बसला. लोक कापड घेऊन यायला लागले. इथे माझ्या बहुतेक ताई अडकतात. "सर, मी काही शिकलेली नाही, घरीच शिकले, म्हणून दोनशे घेते." त्याच गल्लीतला टेलर साडेतीनशे घेतो. शिलाई मात्र यांची बारीक.

कागद-पेन घ्या. खालचे आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमच्या गावचे घाला. अस्तरासह ब्लाउजचे २०० रुपये घेता. अस्तर ७०, दोरा-हुक-पट्टी २०, वीज, सुई आणि मशीनची देखभाल मिळून १०. गेले १०० रुपये. उरले १००. वेळ किती लागला? कटिंग, शिलाई, हुक आणि हातशिलाई मिळून तीन तास. माप घेणं, ट्रायल आणि "थोडं टाईट होतंय गं" ही दुरुस्ती मिळून अर्धा तास. साडेतीन तासांत १०० रुपये, म्हणजे तासाला साडेअठ्ठावीस रुपये.

हाच दर ३५० केला तर हातात २५० राहतात, तासाला साधारण ७१ रुपये. आणि हात सुटला, तेच काम अडीच तासांत व्हायला लागलं, की तासाला १००. बघा, कुठेही सर्टिफिकेट आलं नाही. आला तो दर आणि हाताचा वेग.

गिऱ्हाईक काय विचारतं ते आठवा. "लग्नाच्या आधी मिळेल ना?" "माझा मागचा ब्लाउज पाठीत चुणी मारत होता, तसं नाही ना होणार?" "तुमचा डिप्लोमा कुठला?" असं माझ्या काउंटरवर उभं राहून कुणी कुणाला विचारलेलं मी अजून ऐकलेलं नाही. तिला फिटिंग हवंय आणि तारीख हवीय. ते तुम्ही देताय. मग कमी दर कशाची भरपाई म्हणून घेताय? शाळा सुटल्याची? कॉलेज न झाल्याची? ती भरपाई गिऱ्हाईकाने मागितलेली नाही, तुम्ही स्वतःहून देताय. आणि तुमच्या दोनशेमुळे गल्लीतल्या दुसऱ्या ताईलाही तीनशे मागता येत नाहीत, हेही लक्षात घ्या.

दर एकदम दुप्पट करा असं म्हणत नाहीये. नव्या गिऱ्हाईकाला नवा दर, जुन्यांना पुढच्या सणापासून, आधी सांगून. चार जणी कमी येतील. वरच्याच हिशेबाने दोनशेच्या पाच ब्लाउजमध्ये जेवढं सुटत होतं, तेवढं साडेतीनशेच्या दोन ब्लाउजमध्ये सुटतं. राहिलेला वेळ तुमचा.

कागद कुठे लागतोच

आता दुसरी बाजू, कारण अर्धं सांगून गेलो तर कुणाचं तरी नुकसान होईल. जिथे आपल्या चुकीने दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे, तिथे कायदा कागद मागतो आणि तो बरोबरच मागतो. इमारतीचं वायरिंग धंदा म्हणून करायचं तर परवाना लागतो. औषध दुकानात १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे नोंदणी केलेला फार्मासिस्ट लागतो. तिथे "मी व्हिडिओवरून शिकलो" चालणार नाही. चालूही नये.

शिवायला असा कुठला परवाना लागत नाही. तरी शिकण्याची सोय जवळ असेल तर जरूर जा. आयटीआयमध्ये शिवणकामाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, तिथे आपल्या तिन्ही गोष्टी मिळू शकतात. आणि आधीच काम करत असाल तर २०२३ मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना बघा. तिच्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. तिथे आधीचा डिप्लोमा मागत नाहीत, हाताने आणि अवजाराने हे काम करताय का ते बघतात. पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, त्यात दिवसाला ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर, आणि पुढे ५ टक्के व्याजाने पहिलं एक लाखापर्यंतचं आणि नंतर दोन लाखांपर्यंतचं कर्ज, अशी तिची रचना आहे. लाभ कुटुंबातल्या एकालाच मिळतो. अर्जाआधी सीएससी केंद्रात अटी नीट वाचून घ्या. उद्यम नोंदणीही सरकारी पोर्टलवर फुकट होते आणि तिलाही शिक्षणाची अट नाही. त्यासाठी कुणी हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका.

या महिन्याचं काम

वाचून नुसतं "छान आहे सर" म्हणू नका. चार कामं करा.

१. शिकायच्या कामाचा क्रम वहीत लिहा, दहा ओळींच्या आत.
२. तुमचा मांजरपाट ठरवा आणि एकच वस्तू दहा वेळा करा. प्रत्येक वेळी एक पान, एक बदल.
३. एका जाणत्या माणसाचा एक तास पैसे देऊन घ्या.
४. आधीच धंदा करत असाल तर शेवटच्या पाच कामांचा तासाचा दर काढा. आलेला आकडा घरातल्या दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा.

चौथं काम सगळ्यात जड आहे. आकडा ऐकल्यावर घरात थोडा वेळ कुणी बोलणार नाही. नंतर बहुतेक घरांत एकच प्रश्न येतो, "मग वाढवत का नाहीस?" त्याचं उत्तर तुमच्याकडे नसेल, तर दर वाढवायची वेळ झालीय.

चला, भेटू पुढच्या व्हिडिओत. त्यात माप घेण्यापासून पैसे हातात येईपर्यंतच्या ऑर्डर वहीचा नमुना दाखवणार आहे. तोपर्यंत काम चालू ठेवा.